एकच कण

नागपूरहून एम.एस्सी. होऊन मी भिलाईच्या कारखान्यात लागलो तेव्हा माझ्याजवळ दोन पांढरे कोट, एक स्लाइड रूल आणि स्वतःबद्दलचं अतिशय चांगलं मत, एवढं सामान होतं. कोट वर्षभरात डांबरानं खराब झाले. स्लाइड रूल अजून आहे. मताचं काय झालं ते सांगतो.

साल एकसष्ट. एका भट्टीतून लोखंड वाहत होतं आणि दुसरीकडे पाया खोदणं चालू होतं. कोक ओव्हनच्या मागं उपपदार्थांचा विभाग होता. कोळशाच्या वायूतून तिथं डांबर, नॅफ्थलीन, बेंझॉल, टोल्युइन असं सगळं काढायचे. त्या विभागाच्या प्रयोगशाळेत मी कनिष्ठ केमिस्ट. आमचं घर मूळचं दुर्गचं, तीन पिढ्यांचं. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती निम्मी हिंदीच. पण प्रयोगशाळेत मी छापील पुस्तकातली मराठी बोलायचो. का, ते माझं मलाच सांगता येणार नाही, कारण तिथं मराठी ऐकणारे एकटे देवाजी होते.

देवाजी आमचे अटेंडंट. साकोलीकडचे, पन्नाशीला आलेले. धानाची शेती भावाच्या हवाली करून कारखान्यात आले होते. बाटल्या धुणं, नमुने आणणं, पाणी भरणं, बाटल्यांवर लेबलं चिकटवणं ही त्यांची कामं. मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

झालं असं की कंट्रोल पॅनलांवरचे प्लॅस्टिकचे नॉब आणि पारदर्शक झाकणं भरलेली काही खोकी उतरवताना आपटली. आत चुरा. नवा माल रशियाहून समुद्रानं यायचा, म्हणजे सहा महिने गेले. तोवर ऑपरेटर लोक उघड्या लोखंडी दांड्या पकडीनं फिरवत होते आणि फिरवताना जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपात हातानं दाबायचा एक छोटा साचा होता. फुटके तुकडे वितळवून नवे नॉब काढता आले असते, पण तुकड्यांना ग्रीस, भुसा आणि कोळशाची भुकटी अशी काही चिकटली होती की धुऊनही निघेना. साच्यातून काळे, ठिसूळ नॉब निघत आणि पहिल्याच पिळाला तुटत.

आमचे चीफ केमिस्ट विजयकुमार साहेब. अमृतसरचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी मीटिंगमध्ये त्या कचऱ्याची एक पिशवी टेबलावर उपडी केली आणि विचारलं, "इसे कोई साफ कर सकता है?"

मी हात वर केला.

त्या विषयावर मी आयुष्यात एका पुस्तकातला एक परिच्छेद वाचला होता. त्यात लिहिलं होतं ते सोपं होतं. हे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, टोल्युइनमध्ये विरघळतं. विरघळलं की गाळून घ्यायचं, घाण गाळणीत राहते. मग तो मधासारखा द्रव गरम पाण्यात हळूहळू सोडायचा आणि पाणी जोरात ढवळत राहायचं. द्रवाचे बारीक थेंब होतात. उष्णतेनं टोल्युइन उडून जातं, थंड नळीतून पुन्हा हाती येतं, आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक स्वच्छ, कोरडा दाणा उरतो. दाणे साच्यात घाला, नॉब काढा. टोल्युइन तर आमच्याच विभागात तयार होत होतं.

"कितने दिन?" साहेबांनी विचारलं.

"दस दिन, सर."

दहाव्या दिवशी माझ्याजवळ जे होतं ते टोपणाएवढ्या जाडीचं, गाईच्या जिभेसारखं खरखरीत, पांढरट कातडं होतं. द्रव मी एकदम ओतला होता. दुसऱ्या वेळी सावकाश ओतला, तर लांबच लांब शेवया झाल्या आणि ढवळणीला गुंडाळल्या. तिसऱ्यांदा पाणी जास्त गरम केलं, तर सगळा माल तळाशी बसून भांड्याचा आकार घेऊन बाहेर आला. ते भांडं खरवडायला देवाजींना दीड दिवस लागला.

"साहेब," खरवडता खरवडता ते म्हणाले, "हे काय बनवून राहिलो आपण?"

"दाणे," मी म्हणालो.

त्यांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खरवडायला लागले.

अडचण कुठं होती ते मला कळत होतं. थेंब तर होत होते. काचेच्या भांड्यातून ते दिसायचे, अगदी मोहरीसारखे गरगर फिरताना. पण टोल्युइन निम्मं उडालं की थेंब चिकट व्हायचे, आणि चिकट झालेले दोन थेंब एकमेकांना भेटले की पुन्हा वेगळे होत नसत. दोनाचे चार, चाराचे चाळीस, आणि पाच मिनिटांत ढवळणीभोवती गठ्ठा. तो चिकट टप्पा कसा ओलांडायचा ते त्या परिच्छेदात नव्हतं. कदाचित पुढच्या परिच्छेदात असेल.

आठ वेळा फसलं. नवव्या वेळी, एका सोमवारी, साधलं.

त्या दिवशी मी ढवळणीच्या मोटरचा पट्टा दुसऱ्या चाकावर चढवून वेग वाढवला होता. थेंब झाले, फिरले, चिकट व्हायची वेळ आली आणि गेली. कोणी कोणाला धरलं नाही. दोन तासांनी पाणी तापवणारी वाफ बंद केली तर तळाशी दाणेच दाणे! गोल, पांढरेशुभ्र, सुटे. हातावर घेतले की घरंगळून जायचे. मी प्रयोगशाळेत एक उडी मारली. देवाजींनी ती पाहिली. पाहिली नसती तर बरं झालं असतं.

दाणे बाटलीत भरून मी सेक्टर एकच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेलो. लतिकानं, माझ्या बायकोनं, बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "साबुदाणा? एवढा बारीक कावून आणला?"

तिला मी जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर ढवळणीचा वेग समजावून सांगितला.

त्या आठवड्यात आणखी तीन वेळा केलं, तिन्ही वेळा साधलं. मग मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. त्यात एक आलेख होता. ढवळणीचा एक विशिष्ट वेग असतो, त्याच्या खाली थेंब चिकटतात आणि वर चिकटत नाहीत, असं मी सिद्ध केलं होतं. त्या वेगाला मी 'क्रिटिकल स्पीड' असं नाव दिलं. माझं स्वतःचं आडनाव द्यायचं राहिलं ते केवळ विनयामुळं. आलेखावर बिंदू चारच होते, पण रेघ मी फार सुंदर काढली होती.

साहेबांनी अहवाल वाचला आणि सांगितलं की शुक्रवारी करून दाखवा, कोक ओव्हनचे रशियन तज्ज्ञ येतील, वर्कशॉपचे लोक येतील.

शुक्रवारी मी सकाळी सातला हजर. प्रयोगशाळा धुवून काढायला लावली. नवं काचेचं भांडं, नवी रबरी नळी. देवाजी नेहमीप्रमाणे नळाचं पाणी भरून बादली घेऊन आले. पांढऱ्या एनॅमलची ती जुनी बादली, कडेनं टवके उडालेली, आत पिवळट थर बसलेला.

"ही नको," मी म्हणालो. "आज डिस्टिल्ड वॉटर वापरायचं आहे. कोपऱ्यातल्या त्या मोठ्या कारबॉयमधून काढा."

"साहेब, आपली बादलीच राहू द्या ना. रोज इच्यातूनच तं घेऊन राहिलो पाणी."

"देवाजी, पाहुणे येत आहेत. त्यांच्यासमोर ही घाणेरडी बादली?"

"घाण नाही जी ते. डिंक आहे. मी इच्यात..."

"डिंकाचं आणि लेबलांचं काम दुपारनंतर करा. आज वेळ नाही."

देवाजींनी बादली उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. हे संभाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे. पुढं कितीतरी दिवस ते माझ्या कानात वाजत होतं.

अकरा वाजता मंडळी आली. रशियन तज्ज्ञ ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. सोबत त्यांचा दुभाषी, जो रशियनचं हिंदी आणि हिंदीचं रशियन करायचा. मी खडूनं फळ्यावर आलेख काढला. क्रिटिकल स्पीड समजावली. दुभाष्यानं ती बराच वेळ घेऊन रशियनमध्ये सांगितली. मग मी मोटर चालू केली, द्रव सोडायला लागलो, आणि थेंब झाले. सुंदर झाले.

"देखिए," मी म्हणालो, "अब ये चिपचिपे होंगे, लेकिन इस स्पीड पर एक-दूसरे से चिपकेंगे नहीं।"

हे वाक्य पूर्ण व्हायला आणि पहिले दोन थेंब चिकटायला एकच गाठ पडली. मी वेग वाढवला. चाळीस चिकटले. मी आणखी वाढवला. गठ्ठा ढवळणीवर चढायला लागला, नारळाएवढा झाला, भांड्याच्या काचेवर थडाथड आपटायला लागला. मोटर कण्हली, पट्ट्यातून जळका वास आला, आणि देवाजींनी मागून पुढं होऊन बटण बंद केलं.

सगळं शांत. ढवळणीच्या टोकाला एक मोठा पांढरा गोळा हळूहळू फिरत थांबला.

रशियन तज्ज्ञ चष्मा वर करून गोळ्याजवळ वाकले. बराच वेळ पाहिलं. मग दुभाष्याला काही विचारलं. दुभाषी माझ्याकडे वळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, कण एक ही निकालना था क्या?"

ते चेष्टा करत नव्हते, हे सर्वात वाईट. त्यांना खरंच माहिती हवी होती.

मंडळी गेल्यावर साहेबांनी विचारलं, "क्या बदला था आज?"

त्या क्षणी मी 'मला माहीत नाही' एवढं म्हणू शकलो असतो. ते तीन शब्द मला एम.एस्सी.ला कोणी शिकवले नव्हते. मी म्हणालो की व्होल्टेज कमी असावं. मग म्हणालो की अटेंडंटनं ढवळणी आणि भांडी नीट धुतली नसतील, आधीच्या मालाचा चिकटपणा राहिला असेल.

"लिखकर दीजिए," साहेब म्हणाले.

आणि मी लिहून दिलं. अर्ध्या पानाची इंग्रजी चिठ्ठी. 'साहाय्यकाचा निष्काळजीपणा' अशा अर्थाचे शब्द त्यात होते. टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि परत आलो तेव्हा देवाजी खाली बसून नव्या भांड्याचा गोळा खरवडत होते.

मी खुर्चीवर बसलो. एवढं लिहिल्यावर निदान ते खरं आहे का पाहावं, असं वाटलं असेल; की नुसतीच लाज वाटली असेल, ते आता आठवत नाही. विचारलं, "देवाजी, भांडी कशानं धुतली होती?"

"सोड्यानं. मंग टोल्युइननं. मंग पाण्यानं. चारदा."

"मग आज काय बदललं?"

त्यांनी खरवडणं थांबवलं. "मी कायले बदलू? तुमीच बदललं. बादली."

"बादलीनं काय होणार आहे?"

"आता ते मले काय मालूम साहेब. तुमी शिकले आहा. मी सांगून राहिलो होतो का त्या बादलीत डिंक भिजवतो मी लेबलायसाठी. हापिसातला गोंद उन्हानं सुकते, लेबलं गळून पडते. म्हणून गावाहून बाभळीचा डिंक आणतो. शनिवारी भिजवतो, सोमवारी शिशीत भरतो. खाली राह्यते थोडा, तेच्यातच पाणी भरतो. पैले आठ खेपा तुमाले पाणी त्या पत्र्याच्या डब्यातून देत होतो. तो डबा फुटला, मंग बादली घेतली."

"डबा केव्हा फुटला?"

"सोमवारी. तुमी उडी मारली त्या दिवशी."

मी दोन फ्लास्क काढले. एकात साधं पाणी, एकात त्या बादलीतला डिंक चमचाभर घोळवलेलं पाणी. दोन्हीत तोच द्रव, तीच उष्णता, तेवढंच ढवळणं. देवाजी एकाजवळ उभे, मी दुसऱ्याजवळ. तासाभरात साध्या पाण्यात गोळा तयार झाला. डिंकाच्या पाण्यात दाणे. मग मी तिसऱ्यांदा डिंकाचं पाणी घेऊन निम्म्या वेगानं ढवळलं, फक्त माझ्या क्रिटिकल स्पीडसाठी. दाणे. जरा मोठे, इतकंच. डिंक प्रत्येक थेंबावर पातळ पापुद्रा धरत होता आणि चिकट झालेल्या थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवत होता. वेगाचा त्यात तितकासा संबंध नव्हता. माझा तसाही नव्हता.

मग मी देवाजींना चिठ्ठीबद्दल सांगितलं. काय लिहिलं तेही, मराठी करून.

त्यांनी खरवडायची पाती पुन्हा हातात घेतली. "इंग्रजीत होती ना?"

"हो."

"मंग मले सांगतलं कावून? मी काही वाचू शकलो नसतो." मग म्हणाले, "माझ्या नोकरीवर येईल का जी ते?"

त्या प्रश्नानंतर मला तिथं बसवेना. मी धावतच साहेबांच्या ऑफिसात गेलो. चिठ्ठी काचेच्या पेपरवेटखाली होती आणि कोपऱ्यात साहेबांची सही होती, म्हणजे वाचून झाली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डबा, बादली, डिंक, फ्लास्क. मधे श्वास घेतला की नाही आठवत नाही.

साहेबांनी चिठ्ठी काढून मला परत दिली. "और आपकी क्रिटिकल स्पीड?"

"नहीं है, सर."

"ग्राफ तो अच्छा था," ते म्हणाले. मग म्हणाले, सोमवारी पुन्हा करून दाखवायचं, त्याच मंडळींसमोर. पण या वेळी समजावून देवाजी सांगतील.

लतिकाला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मला वाटलं ती सांत्वन करेल. ती म्हणाली, "देवाजीचं लग्न झालं तवापासून बायको त्याइचं आयकत असन. तुमाले एक दिवस आयकाले काय झालं होतं?" आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

सोमवारी देवाजी धुतलेला सदरा घालून आले. टोपीही नवी. बादली टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी. पण एक अडचण निघाली: देवाजींना हिंदीत इतकं बोलायचा धीर होत नव्हता, आणि दुभाष्याला त्यांची मराठी कळत नव्हती. तेव्हा देवाजी मराठीत सांगणार, मी त्याचं हिंदी करणार आणि दुभाषी त्याचं रशियन करणार, असं ठरलं. अकरा पानांचा अहवाल लिहिणारा केमिस्ट त्या दिवशी दुभाष्याचा दुभाषी झाला.

देवाजी हळू, पण नीट सांगत होते. डिंक कोणत्या झाडाचा, किती वेळ भिजवायचा, फडक्यातून का गाळायचा. मी हिंदी करत होतो. रशियन तज्ज्ञ वहीत लिहून घेत होते. शुक्रवारी त्यांनी वही काढलीच नव्हती.

मग त्यांनी विचारलं की शुक्रवारी हे का केलं नाही.

मी प्रश्न मराठीत सांगितला. देवाजी म्हणाले, "मी साहेबाले सांगतलं होतं, बादली राहू द्या, डिंक आहे म्हणून. पण साहेबानं आयकलंच नाही. मले म्हणले का घाणेरडी बादली हाय."

मी घसा साफ केला. "वो कह रहे हैं कि शुक्रवार को कुछ कारणों से बाल्टी उपलब्ध नहीं थी।"

"पूरा बोलिए, अच्युतबाबू," मागून विजयकुमार साहेब म्हणाले. "मैं छह साल नागपुर में रहा हूँ।"

मी पूर्ण बोललो. घाणेरड्या बादलीसकट. दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं आणि मला वाटतं, त्यात आपल्या पदरची थोडी भर घातली, कारण रशियन तज्ज्ञ इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग ते पुढं आले आणि त्यांनी देवाजींचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. देवाजींनी माझ्याकडे पाहिलं, हात सोडवायचा की नाही ते विचारायला. मी मानेनं सांगितलं, राहू द्या.

एवढ्यात भांड्यात दाणे झाले होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

पुढच्या महिन्याभरात आम्ही तो सगळा कचरा स्वच्छ करून दाणे केले आणि वर्कशॉपनं त्यांचे शेदीडशे नॉब काढले. नॉब चांगले होते. थोडा टोल्युइनचा वास यायचा, तेवढं सोडा. नवा अहवाल पाच पानांचा झाला आणि त्यावर दोन नावं होती. देवाजींचं आधी, कारण साहेबांनी तसं टाइप करून घेतलं. मी फक्त आक्षेप घेतला नाही, आणि तेवढ्याचंही श्रेय घ्यायचा मोह मला झाला होता. त्या अहवालाच्या जोरावर देवाजींची बढती झाली आणि ते बेंझॉल विभागात नमुने घेणारे सॅम्पलर म्हणून गेले. जाताना मला सांगून गेले, "नव्या माणसाले शिशी धुवाले सोडा कमी देजा. हात फाटते."

मी ते वहीत लिहून ठेवलं.

नवा माणूस आला केवलराम, दुर्गजवळच्या पाटणचा, कमी बोलणारा. मी आता फार सावध झालो होतो. पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग ऐन रंगात असताना तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पानी..."

मी मोटर बंद केली. वाफ बंद केली. वही उघडली, पेन काढलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणालो, "हाँ केवलराम, पानी में क्या है? आराम से, पूरा बताओ।"

तो घाबरला. स्टुलावरून अर्धा उठला.

"कुछ नहीं साहेब," तो म्हणाला. "पीने जाना था."